काटा भरलेलाच होता

हे मी सांगायचं नव्हतं. गच्चीवर हमूद मामाआजोबांनी आम्हा सगळ्या पोरांकडून वचन घेतलं होतं, कारण ज्यांच्यावर हे बेतलं ते खल्फानकाका आमच्याच गल्लीत राहतात. दोन दिवस मी गप्प राहिले. आता लिहूनच टाकते.

इशाची, रात्रीची शेवटची नमाज होऊन गेली होती. मामाआजोबांनी रिकामा पेला हलवून कॉफी पुरे म्हणून खूण केली आणि सुरुवात केली.

“शोरूमच्या वर्कशॉपनं खल्फानच्या गाडीचा टाकीतला पंप बदलला. तेव्हापासून पेट्रोलचा काटा ‘भरलेली’वरून हलेचना. तक्रार केली, तर म्हणाले, रविवारी आणा.”

“मग रविवारी न्यायची,” माझा भाऊ झहरान म्हणाला.

“तू नेली असतीस रे. त्याला गुरुवारीच तिकडे लांब सलालाहून फोन आला. मुलीला कळा सुरू झालेल्या. आई नाही तिला. बाप तरी नको का दाराशी?”

नोव्हेंबरचा दुसरा गुरुवार. काका रात्री साडेनऊला निघाले. पेट्रोलचा हिशोब ते टाकी भरल्यापासूनच्या किलोमीटरच्या आकड्यावरून ठेवायचे. आदम गावाच्या अलीकडे थांबून त्यांनी ओळखीच्या मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, बॅटरीची तार दहा मिनिटं काढून ठेव, काटा ताळ्यावर येईल. त्यांनी काढली, परत लावली. काटा तसाच. किलोमीटरचा आकडा मात्र पुसून शून्यावर आला. घाईत काकांनी तिथून नव्यानं मोजायला घेतलं. आधी जाळलेलं पेट्रोल ते विसरलेच. आदमचा पेट्रोल पंप आला, आकडा पाहिला, पुष्कळ आहे म्हणून पुढे गेले.

“एक वाजून दहा मिनिटं,” मामाआजोबा म्हणाले. “गाडीनं दोन आचके दिले. बंद. काटा भरलेला. भोवती नुसतं वाळवंट. मोबाइलला रेंज नाही. पुढे दिवा नाही, मागे दिवा नाही. वारासुद्धा नाही.

“खिडकीशी एक माणूस उभा. अनवाणी. सलाम नाही, काही नाही.

“‘काटा काय दाखवतोय?’

“‘भरलेली,’ खल्फान म्हणाला.

“‘माझाही तेच दाखवत होता...’

“खल्फाननं सगळीकडे पाहिलं. दुसरी गाडी कुठेच नव्हती.

“‘कधी?’

“तो माणूस चाकाला पाठ लावून खाली बसला. म्हणाला, ‘बोल की काहीतरी. इथनं गाड्या फार जोरात जातात...’”

“मग काय बोलले काका?” झहराननं हळूच विचारलं.

“मुलीबद्दल. दुसरं काय होतं त्याच्याकडे? बायको गेल्यापासून घरात त्याच्याशी तरी कोण बोलतंय? तिचं लहानपण सांगितलं. शाळा. लग्न. चाकाकडून नुसतं ‘हं’ यायचं.

“हं...

“मग तेही येईना.

“तीन वाजले होते. खल्फाननं उगाच किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली.”

काका दुपारी सलालाला पोचले. नात तासाभरानं झाली. वेळेत दाराशी होते.

पण त्याआधी, पहाटे वाटेतल्या हैमा गावात, त्यांनी एका म्हाताऱ्या मेकॅनिकला टाकी उघडायला लावली होती. काठोकाठ भरलेली. त्यानं फडकं बुडवून हुंगलं आणि काकांकडे बघतच राहिला.

“कुठं भरलंस बाबा हे? शिसं घातलेलं पेट्रोल आहे. पंचवीस वर्षं झाली, कुठल्या पंपावर मिळत नाही.”

मला एकच विचारायचं होतं, पण इतक्या पोरांसमोर धीर झाला नाही. त्या माणसाकडे एवढं पेट्रोल होतं, तर

आई खालून हाक मारतेय, “शमसा, दिवा मालव आता.” आले म्हटलंय. एवढं पेट्रोल होतं, तर इतकी वर्षं तो तिथं कशासाठी थांबून