डावखुरी गाठ

हे लिहिणारच नव्हतो. माझा धंदा वासाचा आणि किड्यांचा. मोरीतून घाण येतेय, कपाटात झुरळं झालीत, झाडांवर कीड पडलीय, की लोक मला फोन करतात. सगळं व्हिडिओ बघून आणि हात घाण करून शिकलोय, सर्टिफिकेट वगैरे काही नाही. उद्या एखाद्या गिऱ्हाइकाने हे वाचलं आणि म्हणालं, "त्या थिएनला नका बोलावू, तो किडे सोडून भुतं शोधतो," तर मी खाऊ काय? पण परवा खांगने लग्नाचा फोटो पाठवला. फोटोत मागे ती झाडं आहेत. म्हटलं, लिहूनच टाकू.

खांग माझा शाळेपासूनचा दोस्त. फोंग दिएन गावात कालव्याच्या काठावर त्यांची पपनसाची बाग. बाग लावली ती त्याच्या आजोबांनी. आमच्याकडे माणसाला भावंडांतल्या नंबराने हाक मारतात, तर ते सातवे आजोबा. फवारणी त्यांनी जन्मात केली नाही. बागेत पिवळ्या मुंग्या पाळलेल्या, पांढऱ्या धाग्याने पानं शिवून घर करतात त्या. मुंग्यांना जमिनीवर उतरायला लागू नये म्हणून झाडाझाडांत बांबूचे पूल. रोज सकाळी माशांची डोकी फांदीला टांगायचे, मुंग्यांचा नाश्ता. झाडावर कीड आली की मुंग्या तिचे तुकडे करून घेऊन जायच्या. काम फत्ते.

म्हातारा डावखुरा. पुलाला मारलेली त्यांची गाठ उलटी बसायची, आम्हाला काही केल्या सुटायची नाही. सुरी काढली की ओरडायचे, "कापतोस काय गाढवा! बांधली तशी सोड!"

ते गेले. नंतर मुंग्यांना मासे खांग टांगायला लागला. बाग चालली, आणि खांगचं दिएमशी जमलं.

गडबड झाली ती दिएमच्या घरचे पहिल्यांदा बघायला आले तेव्हा. तिचा बाप चाऊ डॉक गावचा, आंबवलेल्या मासळीचा कारखाना त्याचा. सांगायचा मुद्दा हा, की त्या माणसाचं आख्खं आयुष्य मासळीच्या रांजणात नाक घालून गेलंय. चहा ओतला, खांगच्या आईने हसत हसत लग्नाचा विषय काढला, आणि घरात असा वास सुटला की तो माणूस रुमाल नाकाला लावून थेट होडीत जाऊन बसला.

"माझी पोरगी या घाणीत राहणार नाही," होडीतूनच म्हणाला. "नव्या वर्षाच्या सणाआधी एकदा येऊन जाईन. वास असला तर विषय संपला."

खांगने मला फोन केला. "थिएन, मासळीवाला पळाला रे वासाने! मासळीवाला! आता मी तोंड कुठं लपवू?"

मी हसून हसून लोळलो. मग सामान घेऊन गेलो.

आधी नेहमीचं सगळं केलं. मोरी काढली, गाळ उपसला, चुना टाकला. संडासाची टाकी बघितली, झाकण घट्ट होतं. कौलांखाली मेलेला उंदीर नाही. मासळीच्या चटणीच्या बरण्या पुसलेल्या. फ्रिजच्या मागे एक चप्पल सापडली, खांगच्या लहानपणीची. वास कशालाच नाही. घर तर स्वच्छ होतं, पपनसाच्या साली जाळल्याचा तेवढा वास.

"मावशी, काहीच नाहीये इथं," मी खांगच्या आईला म्हटलं. "तुम्ही फुकटच घाबरलात."

"फुकट? अरे व्याही पळाला माझा! आता लग्नाचं..."

आणि आला.

तो वास मी ओळखला. बागेतल्या हिरव्या घाणकिड्यांचा. ढालीसारखे चपटे किडे, बोटाने दाबले की सडक्या कोथिंबिरीसारखे घाणतात. पण हा म्हणजे पोतंभर किडे एकदम चिरडल्यासारखा होता. डोळ्यांत पाणी आलं. थोड्या वेळाने गेला, कुणी दार लावून घ्यावं तसा.

मला गंमत वाटली. म्हटलं, बघू तरी. स्वयंपाकघराच्या मधोमध उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "यंदा पपनसाला भाव चांगलाय."

काही नाही.

"खांग डुकरासारखा घोरतो."

"ए!" खांग म्हणाला. वास नाही.

"खांगचं लग्न आहे."

मावशी बाहीने नाक दाबून अंगणात पळाली. खांग ओकारी काढत, हसत, मला शिव्या देत खिडकीला लटकला. मी पण हसत होतो. पण हातावरचे केस उभे राहिले होते, हे खरं सांगतो.

किडे कुठून येतात ते बघायला बागेत गेलो. दुपार होती, ऊन पानांतून सांडत होतं, कालव्यावर कुणाच्या तरी होडीत गाणं लागलेलं. पहिल्याच झाडापाशी थांबलो.

किडे होते. छातीच्या उंचीवर, खोडाभोवती, गोल पट्ट्यात, एकाला एक चिकटून बसलेले. आणि त्यांच्या वर-खाली पिवळ्या मुंग्या. चावत नव्हत्या, ओढत नव्हत्या. नुसत्या उभ्या. तोंडं किड्यांकडे. मी इतकी वर्षं मुंग्या बघतोय, मुंगी उभी राहिलेली बघितलीच नव्हती.

दुसरं झाड तसंच. तिसरं तसंच. प्रत्येक जुन्या झाडाला छातीच्या उंचीवर हिरवा पट्टा.

मी काडीने किडे बाजूला केले. खाली कापड निघालं. मळून खोडाच्याच रंगाचं झालेलं.

मागे मावशी येऊन उभी होती. तिने ते बघितलं आणि कपाळावर हात मारून मटकन खाली बसली.

"अगं बाई! झाडांचं फिटलंच नाही!"

आमच्याकडे बागेचा मालक गेला की घरच्या माणसांसारखी झाडांना पण दुखवट्याची पांढरी पट्टी बांधतात. बांधली नाही तर झाडं झुरतात, वाळतात. सातवे आजोबा गेले तेव्हा खांगने बांधल्या होत्या, पट्ट्या फाडून मी त्याच्या हातात देत होतो. मग मुदत संपली, घरातल्या सगळ्यांनी आपापल्या पट्ट्या सोडून देवघरापुढे जाळल्या, जेवण झालं, गाणी झाली. झाडांकडे कुणी गेलंच नाही.

"घरात दुखवटा असताना लग्न काढलं आपण!" मावशी रडत होती आणि स्वतःवरच हसत पण होती. "म्हातारा गप्प बसतोय होय!"

"आई, किडे आहेत ते," खांग म्हणाला. पण हळू म्हणाला.

"किडे तर किडे. सोड आधी."

खांगने पहिल्या पट्टीला हात घातला. गाठ शोधली. बोटं थांबली.

"थिएन, इकडे ये."

गाठ उलटी होती.

"मी कुठल्या हाताने बांधली होती?"

"उजव्या," मी म्हटलं. "मी समोरच होतो."

पुढच्या झाडाला गेलो. उलटी. त्याच्या पुढच्या. उलटी. सगळ्या, एकूण एक, म्हाताऱ्याच्या हाताच्या.

मी सुरी काढली.

"नको," खांग म्हणाला. "कापायची नाही."

मग सोडत बसलो. नखं दुखली. आम्ही दोघं आणि मावशी, एकेका झाडापाशी. मावशी प्रत्येक झाडाला सांगत होती, "झालं हं आता. आपल्या खांगचं लग्न आहे. पोरगी चांगली आहे, जरा मोठ्याने बोलते एवढंच." पट्टी सुटली की किडे खाली पडायचे, आणि मुंग्या चालायला लागायच्या. आख्खी बाग एकदम सरसरली.

पट्ट्या जाळल्या. प्रत्येक खोडाला शुभकार्याचा लाल कागद चिकटवला. मी स्वयंपाकघरात जाऊन ओरडलो, "लग्न! लग्न! लग्न!"

मावशीने डोळे मिटून घेतले होते. मग एक उघडला. काही नाही.

सणाच्या आधी मासळीवाला आला. दारात उभा राहून त्याने लांब श्वास घेतला, कारखान्यात रांजण तपासत असेल तसा.

"फुलं कुठली ही?" म्हणाला. "पपनसाची ना?"

मी बागेकडे बघितलं. एकाही झाडाला फूल नव्हतं. पण वास मला पण येत होता. आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मावशी म्हणाली, "हो, हो, या ना, बसा."

लग्न असं झालं की कालव्यापलीकडच्या कुत्र्यांनी पण कान झाकले असतील. सासऱ्याने माइक घेतला तो सोडेचना, गळा फाटक्या भोंग्यासारखा. दिएम ओरडली, "बाबा, तेव्हा वासाचा तमाशा, आता हा आवाज! पुरे!" आख्खा मांडव हसला. मी तांदळाची दारू इतकी प्यायलो की कोंबडीशी बोलत होतो म्हणे.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर उठलो. खांग बागेत दिसला, उकिडवा बसलेला. त्याच्यापुढे छोटं रोप होतं, दिएमचा होकार आला त्या दिवशी त्याने स्वतः लावलेलं. आजोबांनी ते बघितलेलं पण नाही.

रोपाच्या दांड्याला पांढरी पट्टी होती. कापडाची नाही. मुंग्या पानं शिवतात त्या धाग्याची, बारीक, रेशमासारखी विणलेली. बाजूने मुंग्या गोल उभ्या.

आणि पट्टीला गाठ होती. कुठल्या हाताची ते सांगायला नको.

"हे झाड माझं आहे," खांग म्हणाला. "याचा मालक मी."

तो माझ्याकडे बघून हसला, खरंच हसला.

"म्हातारा नेहमीच घाईत. बाजाराला जायचं असलं की आदल्या दिवशीच चपला घालून बसायचा." मग म्हणाला, "दिएमला नको सांगू इतक्यात, मीच सांगेन. पण तू एक कर. मी जाईन तेव्हा सगळे माझ्यासाठी रडतील, आणि मुदत संपली की झाडांना विसरतील. आपली माणसं आहेत, विसरणारच. तू विसरायचं नाहीस."

"अरे, तोवर माझे हात थरथरत असतील."

"मग आत्तापासून सराव कर."

त्याने माझा हात धरून गाठीवर ठेवला. मुंग्या बाजूला झाल्या. गाठ अजून ओली होती.

सोडेन, खांग. वेळ लागला तरी बसेन. कापणार नाही.