सोंगाला मज्जाव

हरिश्चंद्राला न्यायला देवगडहून फौजदार संध्याकाळी यायचे होते. त्याआधी काही होण्यासारखं असेल तर बघा, असं सांगत त्याची बायको आनंदी भर उन्हात शंकर पारकरांच्या पडवीत येऊन बसली होती.

शंकरराव मुंबईत एका खासगी तपासाच्या कचेरीत बरीच वर्षं काढून मिठबावला परतले होते. त्यांच्या शेजारी गुणाजी होता. त्याचं सायकलचं दुकान बहुधा बंदच असे, कारण शंकररावांच्या मागे हिंडण्यातून त्याला सवड मिळत नसे. गुणाजीची अक्कल जरा सावकाश चाले, पण डोळे मात्र धड होते.

आनंदीने सांगितलं ते असं. फोंडाघाटच्या रामचंद्रशेठने यंदा जत्रेत मेळा आणला होता, आणि त्यात एक मोठा लाकडी पाळणा होता. गावातली दशावतारी मंडळी सोंगं चढवून मेळ्यात हिंडायची आणि रात्रीच्या नाटकाला लोकांना बोलवायची. शेठला ते खुपलं. त्याने फाटकावर पाटी लावली: ‘मुलांनी खुशाल सोंग घेऊन यावे. मोठ्या माणसांच्या सोंगास सक्त मज्जाव.’

हरिश्चंद्र नाटकात संकासूर राक्षसाचं काम करायचा. आदल्या संध्याकाळी तो काळा झगा घालून गेला, फाटकावर अडला आणि पाळणा बंद पाडीन असं चारचौघांत ओरडून आला. आज दुपारी आरती आणि मग जेवणासाठी मेळा थांबला होता. पुन्हा सुरू झाला तेव्हा पहिल्याच फेरीत पाळण्याची एक पेटी खाली आली. दोर कापलेला होता. पेटीत सत्यवती मासेवालीची मुलगी सुगंधा बसली होती, तिचा हात मोडला.

“घोव माझो तोंडाळ आसा,” आनंदी म्हणाली. “पण चेडवाच्या जीवार उठणारो नाय. आज तेका बेड्यो पडल्यो तर ह्या गावात आमका कोण दारात उभा करूचो नाय.”

मेळा खाडीकाठच्या माळावर होता. तीन बाजूंना पाणी आणि दुपारी भरती, म्हणजे आत शिरायला एवढं फाटकच. रामचंद्रशेठने दोर दाखवला. सुरीने कापलेला होता आणि कापल्या जागेशी पांढरट डाग होता. नाटकवाले तोंडाला फासतात तो सफेता, हे गुणाजीनेही ओळखलं.

“नाटकवाल्याचाच हात आहे,” शेठ म्हणाला. “आणि धमकी कुणी दिली ते साऱ्या गावाला ठाऊक आहे.”

फाटकावर गावातलाच बाबली राखणीला होता, साधा आणि देवभोळा. वाळू पायाला चटके देत होती, तरी त्याच्या वहाणा खांबापाशी काढून ठेवलेल्या होत्या आणि तो अनवाणी उभा होता. कपाळावर ताजं कुंकू होतं. देवळात जाऊन आलास वाटतं, म्हणून गुणाजीने त्याची थट्टा केली. सकाळपासून आपण इथून हललो नाही, आरतीचंही चुकलं, असं बाबली जरा दुखावून म्हणाला.

“मेळा थांबला होता तेव्हा कुणी मोठा माणूस सोंग घेऊन आत गेला का?” शंकररावांनी विचारलं.

“सोंग? एकव नाय. देवीची शपथ.”

“आणि साध्या कपड्यांत? हरिश्चंद्र किंवा दुसरा कुणी?”

“हरिश्चंद्र नाय. माणूस कोणच नाय.”

बाबली खोटं बोलायला लागला की अडखळतो, हे गुणाजीला लहानपणापासून माहीत होतं. आता तो जराही अडखळला नव्हता. मग दोर काय भुताने कापला, असा गुणाजीला प्रश्न पडला.

देवळामागच्या मांडवात हरिश्चंद्र गुडघ्यांत मान घालून बसला होता. दुपारी आपण इथेच झोपलो होतो, पण पाहिलं कुणी नाही, असं त्याने सांगितलं. संकासुराचा काळा बुरखा बाजूला लोंबत होता. तोंडाला काय लावतोस, असं शंकररावांनी विचारलं तेव्हा तो कडवट हसला. बुरख्यातून तोंड दिसतच नाही, तर लावायचं कशाला?

पलीकडे त्याचे चुलते दाजी बसले होते. मंडळीतले सर्वांत वडीलधारे, विष्णूचं काम त्यांचं. जत्रेच्या दिवशी दुपारच्या आरतीला विष्णूने रंगून देवीशेजारी उभं राहायचं, अशी गावची रीत होती. म्हणून ते दुपारपासूनच मुकुट, शेला आणि सफेत्याने उजळलेला चेहरा घेऊन बसले होते. गुणाजीने चटकन वहाणा काढल्या आणि वाकून नमस्कार केला. दाजींनी करंड्यातलं कुंकू त्याच्या कपाळी लावलं.

आरती झाल्यावर आपण देवळातच बसून होतो, मांडवात आत्ता आलो, असं दाजी म्हणाले. मग ते आपलं गाऱ्हाणं सांगू लागले. पाळणा फिरू लागल्यापासून नाटकासमोर माणूस बसत नाही. काल रात्री विष्णू रंगमंचावर आला, तेव्हा समोर दोन म्हाताऱ्या पेंगत होत्या.

बाहेर पडल्यावर शंकरराव थबकले. “गुणाजी, वहाणा का काढल्यास?”

“देव आसा मरे,” गुणाजी म्हणाला. विचारण्यासारखं त्यात काय होतं, हे त्याला कळेना.

संध्याकाळी फौजदार आले. देवळासमोर सगळे जमले. सत्यवतीही आली होती, रडून डोळे सुजलेली. शंकररावांनी फारसा घोळ घातला नाही.

“दोरावर सफेता आहे. संकासूर सफेता लावत नाही, म्हणजे हरिश्चंद्राचा हा डाग नव्हे. आत जायला वाट एकच, आणि तिथे बाबली. तो म्हणतो, सोंग आलं नाही, माणूस आला नाही. दोन्ही खरं आहे. प्रश्न मी चुकीचा विचारला. बाबली तापल्या वाळूत अनवाणी का होता? जागचा न हलता त्याच्या कपाळी कुंकू आलं कुठून? गुणाजीच्या कपाळी आलं तिथूनच. आपल्याकडे संकासूर म्हणजे सोंग. रंगलेला विष्णू म्हणजे सोंग नव्हे, देव. शेठच्या पाटीत देवाला मज्जाव नव्हता.”

गुणाजीचा हात नकळत कपाळाकडे गेला. दाजी खाली बघत होते.

“तर्क ठीक आहे,” फौजदार म्हणाले. “पण हरिश्चंद्राला सोडायचं तर साक्ष हवी. बाबली, आत कोण गेलं होतं?”

“देव इलो,” बाबली म्हणाला. “देवाक मी कसो आडवतलंय?”

“देव कोण झाला होता? नाव सांग.”

बाबलीने मान हलवली. “देवाचा नाव साक्षीत घेवचंय नाय. माका फाशी दिया.”

आनंदीने तोंडाला पदर लावला. फौजदारांनी हवालदाराला खूण केली आणि तो हरिश्चंद्राकडे वळला.

तेव्हा दाजी उठले. मुकुट काढून त्यांनी देवळाच्या पायरीवर ठेवला. घागरीतलं पाणी घेऊन शेल्याने तोंड खसाखसा पुसलं. खालून सुरकुतलेला, थकलेला चेहरा वर आला.

“पाळणो एक रात बंद पडूचो, इतक्याच मनात होता,” ते सत्यवतीला म्हणाले. “तुटलेलो दोर बघून मेळेवाले पाळणो फिरवचे नाय, असा वाटला. चेडवाचो हात मोडलो, तेवाच सांगूक होया होता. आजचा नाटक होवंदे, मगे सांगतंय, म्हणान गप रवलंय.”

सत्यवतीने तोंड फिरवलं. हरिश्चंद्र चुलत्याकडे बघत राहिला.

दाजी बाबलीसमोर जाऊन उभे राहिले. “आता बघ माझ्याकडे. कोण इलो होतो?”

बाबलीने त्या ओल्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं.

“दाजी,” तो म्हणाला. “दाजी इलो होतो.”