रविवारी ढवळलेली पेटी

शंख वाजला तेव्हा मी नेमकी रस्त्याच्या मधोमध होते, कोकोच्या फळांनी भरलेली झावळीची टोपली सावरत.

"ओ बाई, बसा खाली!" कुणीतरी दबक्या आवाजात दटावलं. "सा सुरू झाला, कळत नाही?"

शंख वाजल्यापासून संध्याकाळची प्रार्थना संपेपर्यंत गावात पाऊलसुद्धा टाकायचं नाही, हे सामोआत शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी मात्र अपियाच्या संशोधन केंद्रातली शिकलेली बाई... मलाच भान नव्हतं! बसले तशीच गवतात. दटावणारा तरुण सा कुणी मोडू नये म्हणून राखणीला उभा होता. कमरेला लुंगीसारखा लावालावा नेसलेला, हातात काठी, आणि हसू काही केल्या दाबलं जात नव्हतं.

"एवढी फळं एकटीच खाणार?"

"प्रार्थना चालू आहे ना? गप्प बसा."

"मी राखणीला आहे. मला बोलायची मुभा आहे."

"कुणी दिली?"

"मीच... आत्ताच."

मला हसू फुटलं. घराघरातून स्तोत्रं येत होती, समुद्राकडून ओला वारा येत होता, आणि तेवढ्या दहा मिनिटांत मालाकीने — हे त्याचं नाव — माझी सगळी कुंडली काढून घेतली. याला आता तेवीस वर्षं झाली. तो दबका आवाज अजून कानात आहे.

माझं काम म्हणजे कोको. या गावची झाडं जुनी, भरपूर फळणारी, पण बी तुरट. फळं फोडून बिया पेटीत भरायच्या, केळीच्या पानांनी झाकायच्या. पेटी आंबत जाते, आतून तापते, मग बियांमधले विकर जागे होऊन तुरटपणा मोडून काढतात. मात्र अठ्ठेचाळीस तासांनी ढवळून हवा द्यायलाच हवी, असं माझं म्हणणं होतं. माझ्या दोन पेट्या आधीच फसल्या होत्या. तिसरी फसली की केंद्र प्रयोग गुंडाळणार होतं.

शुक्रवारी सकाळी मालाकीने आणि मी मिळून ती तिसरी पेटी भरली.

"ढवळायची कधी?" त्याने विचारलं.

"अठ्ठेचाळीस तासांनी."

त्याने बोटं मोजली. "म्हणजे रविवारी."

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. रविवारी काम केलं तर मताई मंडळी, म्हणजे गावचे कुळप्रमुख, माणसाला सरळ गावाबाहेर काढत. तास मोजता मोजता मी वारच विसरले होते!

"शिकलेली माणसं..." तो खो खो हसला.

"हसू नकोस रे. मी पार बुडाले."

तो हसायचा थांबला. माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

रविवारी पहाटे घरोघरी उमूचा धूर निघाला. तापल्या दगडांवर पानांखाली रांधायची तेवढी मोकळीक त्या दिवशी असते. मी पाद्रीबाबांच्या घरी पाहुणी, त्यामुळे हलायची सोय नव्हती. चर्चमध्ये गेले तर मालाकी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत गायकांमध्ये उभा, आणि अंगाला आंबलेल्या कोकोचा असा दर्प, की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या प्रमुख मताईंनी दोनदा मागे वळून पाहिलं. मी काय ते समजले. इतका आनंद आणि इतकी भीती मला एकदम कधीच वाटली नव्हती.

सोमवारी त्याला मताईंच्या सभेपुढे बसवलं.

"काम नाही केलं, मताई. उमूच तो," पठ्ठ्या म्हणाला. "पानं काढली, आत गरम होतं, खालवर केलं, परत झाकलं."

कुणीतरी खुदकन हसलं. प्रमुख हसले नाहीत.

"उमूचं अन्न गावाला वाढतात. मग वाढ. सगळं. नाही वाढलंस तर ते काम धरू, आणि तू वर्षभर गावाबाहेर."

पुढच्या दोन आठवड्यांत पेटी आंबून, उन्हात वाळून बिया निघाल्या दोन किलो. केंद्राला तपासणीसाठी नेमक्या तेवढ्याच हव्या होत्या.

"घेऊन जा तू," मालाकी म्हणाला. "वर्ष काय... बघता बघता जाईल."

"आणि तुझी आई? गावाबाहेर काढलेल्या पोराची आई म्हणून चर्चमध्ये तोंड कसं दाखवेल?"

मी बियांची थैली उचलली आणि चुलीकडे गेले. बिया भाजल्या, कुटल्या, साखर घालून मोठ्या पातेल्यात उकळल्या. प्रमुखांनी घोट घेतला, डोळे मिटले... मग रिकामा पेला पुढे केला.

"अजून घाल, पोरी."

तुरटपणाचा मागमूस नव्हता. पण मताईंच्या जिभेचा दाखला केंद्रात कोण मानणार? प्रयोग बंद होणार, हे मला तिथेच कळलं, आणि झालाही. त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

दुसऱ्या दिवशी मालाकी माझी पिशवी घेऊन धक्क्यावर आला. अपियाच्या बोटीचा भोंगा वाजला तरी पिशवी देईना.

"तू घोटाळा केलास, लोसा."

"मी? अरे, वाचवलं तुला!"

"तेच तर... गावाबाहेर काढलं असतं तर वर्षभर अपियात राहिलो असतो. तुझ्या दारात. सगळं ठरवलं होतं मी. आता घरी काय कारण सांगून येऊ?"

माझे डोळे भरून आले. "कारणं कसली शोधतोस? आवडते मी तुला, एवढं सांग की!"

"आवडतेस," तो म्हणाला. मग मान वर करून, धक्क्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, "खूप आवडतेस!"

"मग पुढच्या बोटीने..." मी म्हणायला गेले.

पण तेवढा धीर होता कुणाला? माझी पिशवी खांद्यावर टाकून तो त्याच बोटीत चढला — अनवाणी, तिकीटसुद्धा न काढता.