तीन अणूंचा पापुद्रा

एकच पदार्थ. मधून वीज जाऊ देत नाही, फक्त कडेकडेने जाऊ देतो, आणि मनात आलं की सगळीकडून सुसाट सोडतो. असं कसं?

"त्याच्या मनात येत नाही गं कस्तुरी, आपण आणतो," आजोबा हसून म्हणाले.

२०५१चा हिवाळा होता. आजोबांची नजर झपाट्याने जात होती. ती पूर्ण जायला जेमतेम महिना आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याआधी त्यांना आपला प्रयोग एकदा, एकदाच, डोळ्यांनी बघायचा होता. चिकटपट्टीने त्या पदार्थाचा स्फटिक सोलून सोलून त्यांनी फक्त तीन अणू जाडीचा पापुद्रा काढून चिपवर बसवला होता.

"पापुद्र्याखाली धातूची पट्टी. मध्ये पातळसा विद्युतरोधक (वीज अडवणारा) थर. पट्टीला थोडं व्होल्टेज दिलं की पापुद्र्यात जास्तीचे इलेक्ट्रॉन ओढले जातात. भयंकर थंडीत ते जोड्या जमवतात. मग रोध शून्य! हीच अतिवाहकता (वीज जराही न अडखळता वाहणं). व्होल्टेज काढलं की सगळं पूर्ववत."

चिपला हात लावण्याआधी मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा बांधायचा, हा प्रयोगशाळेचा नियम. पण त्या दिवशी चिप उचलताना आजोबांचा अंदाज चुकला. आता पडते, म्हणून मी झेप घेतली. पट्टा नाही, अंगात नायलॉनचा स्वेटर. चट्!

"अगं बाई! पण झेलली ना मी?"

आजोबांनी चिप तपासली आणि खुर्चीत बसले. "तुझ्या अंगावर साठलेले हजारो व्होल्ट गेले तिच्यात. थराला भोक पडलं. आता वीज पट्टीतून सरळ पापुद्र्यात गळणार, इलेक्ट्रॉन ओढणार कोण?"

मला सगळं नीट कळलं. कळल्याचं इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं. मी ढसाढसा रडले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या मनगटाला पट्टा बांधला आणि चिकटपट्टी हातात दिली. "हं, सोल."

मला अकरा आठवडे लागले.

पडद्यावरची रोधाची रेघ तळाला टेकली, तेव्हा आजोबा शेजारीच होते, तोंड भिंतीकडे करून.

"आकडा वाच."

"शून्य."

"व्होल्टेज काढ."

"वीज अडली, आजोबा."

"पुन्हा दे."

"शून्य."

"वा गं पोरी!" त्यांनी चाचपडत माझं डोकं शोधलं. व्होल्टेजने अशी चालू-बंद होणाऱ्या बटणांवर एक दिवस न तापणारे संगणक चालतील, म्हणाले, आणि ते तू बनवशील. बनवीनही. पण मला तो एक महिना परत हवाय.