लाल पडलेला शेला

"ताई, लवकर या! शेला गेला!"

हाक ऐकताच विजयमाला हातातली परात टाकून मोरीकडे धावली. धाकटी जाऊ सुकन्या वॉशिंग मशीनसमोर बसली होती. मांडीवर तिची ओली लाल साडी आणि घरातला सायीच्या रंगाचा रेशमी शेला. शेल्यावर दोन ठिकाणी लालभडक डाग.

नेकनूरजवळच्या या वस्तीवर त्यांच्या घरातल्या प्रत्येक लग्नाची गाठ याच शेल्यानं बांधली गेली होती. उद्या नणंदेचं, अंजनाचं लग्न. गाठ बांधायचा मान थोरल्या सुनेचा. पण सासूनं, सुंदरबाईंनी, यंदा तो सुकन्याला देऊन टाकला होता. तेव्हापासून विजयमालेचा नुसता जळफळाट चालला होता. खरं सांगायचं तर शेला बघून आधी तिला बरंच वाटलं.

तिचा नवरा बजरंग आला आणि कडाडला, "हिच्या साडीनं रंग सोडला! आता हिच्या हातानं गाठ न्हाई. विजे, तूच बांध."

झालं, मान आपसूक परत आला होता. विजयमालेनं गप्प बसायचं तेवढं बाकी होतं. पण तिची नजर मेली लाल साडीच्या काठावर गेली. काठ पांढरे होते. अगदी स्वच्छ पांढरे.

"मशीनमधी काय काय टाकलंतं?"

"नुसती माझी साडी. पावडर घालून चालू केली आन् गोठ्यात गेलते. आले तर आत शेला!"

"शेला काय पायानं चालत आला?" बजरंग म्हणाला.

"तुमी थांबा जरा. रात्री कुठं होता गं?"

"आत्याबाईच्या खोलीत, दांडीवर. पेटीचा वास जावा म्हणून मीच टाकलता."

सुंदरबाई उंबऱ्यात बसून चहा पीत होत्या. डाव्या हातात बशी, उजवा हात पदरात. नवरा गेल्यापासून त्या कुठल्याही कार्यात अशाच कडेला बसत.

"आत्याबाई, सकाळी शेला दांडीवर होता का?"

"मी न्हाई बघितला. कावून एवढी चौकशी? धुवा की परत."

विजयमालेनं शेला गार पाण्यात बुडवला. पिळला नाही, नुसता हलवला. मग नवरीलाच लिंबू आणायला पाठवलं. वाटीभर पाण्यात लिंबू पिळून तिनं बोटानं थोडं पाणी एका डागावर लावलं.

लाल रंग विरला आणि पिवळा वर आला.

"अगं बया, ही तर हळद!" अंजना ओरडली.

"हळदच. साबण लागला की लाल होती, आंबट लागलं की परत पिवळी. ठाऊक समद्यांना हाय, पण लाल साडी दिसली आन् पुढं कुणी बघितलंच न्हाई. साडीनं रंग सोडला असता तर तिचे काठ पांढरे ऱ्हायले असते का? हळद आधीच लागलीती. कुणीतरी शेला मागनं मशीनमधी टाकला."

"कुणी?" बजरंगनं विचारलं. "काल हळदीला तर समद्याच बायांचे हात पिवळे होते."

"तेच तर! आमचा डाग पडला असता तर आमी सांगून मोकळ्या झालो असतो. लपवायची गरज एकीलाच. जिला लोक हळदीला हात लावू देत न्हाईत." विजयमाला उंबऱ्याकडे वळली. "आत्याबाई, चहा डाव्या हातानं कावून पिताय?"

सुंदरबाईंनी बशी खाली ठेवली आणि उजवा हात पदरातून काढला. तळवा पिवळा होता.

"सिरसाळ्याहून नवरदेवाची उष्टी हळद आली. गावच्या बाया माझ्या लेकीला लावत होत्या, आन् मी दाराआड. लई जळाले तुमच्यावर. अंजना माझ्या खोलीत जरा कलंडून झोपली तवा वाटीतली उरलेली तिच्या पायाला लावली. तेवढ्यात पावलं वाजली, म्हणून हात शेल्यात लपवला. सकाळी मशीन चालू दिसली, वाटलं डाग निघंल."

"आन् आळ हिच्यावर येऊ दिला?"

"ही गरीब. तू असतीस तर घर डोक्यावर घेतलं असतंस." त्या धाकट्या सुनेकडे वळल्या. "सुकन्ये, चुकलं गं माझं."

अंजनानं आईचा तो हात धरला आणि सोडलाच नाही.

सगळा शेला लिंबाच्या पाण्यातून काढला, साध्या पाण्यानं धुतला, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपलं आणि उन्हात पसरला. संध्याकाळपर्यंत फिकट पिवळी छटा तेवढी उरली.

दुसऱ्या दिवशी मांडवात सुकन्यानं शेला पुढे केला. "ताई, तुमीच बांधा. तुमच्यामुळं माझी अब्रू राहिली."

ज्याच्यासाठी इतके दिवस जळून काढले, तो मान हातात आला होता. विजयमालेनं शेला घेतला. मग तिला मागच्या रांगेत पदरात हात घालून बसलेल्या सुंदरबाई दिसल्या.

"आत्याबाई, उठा. गाठ तुमी बांधायची."

बायका कुजबुजल्या. विजयमालेनं असं काही बघितलं की कुजबूज जागच्या जागी थांबली.

सुंदरबाईंनी पिवळ्या हातानं गाठ बांधली, चांगली घट्ट. विजयमालेच्या पोटात जळलंच. तिनं शेजारी बघितलं. सुकन्याचंही तोंड एवढंसं झालं होतं. जळणारी आपण एकटीच नाही, हे पाहून तिला त्या पोरीची पहिल्यांदाच माया आली.