सात नंबरचा ताप

त्या दिवशी सकाळी मी भांडारातून गोळ्या आणायला गेलो होतो, एवढंच. आठ गोळ्या मोजून घ्यायच्या, सही करायची, जिना उतरून तळघरात यायचं. एकतीस वर्षं हेच काम. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, आणि मी घाबरणारा माणूसही नाही. बायको म्हणते, अक्कल कमी म्हणून भीती कमी. म्हणू दे.

आमची संस्था सैनिकांच्या तब्येतीवर संशोधन करते. माणूस किती उष्णतेत, किती ओझं घेऊन, किती वेळ चालतो, कधी पडतो, पडू नये म्हणून काय करावं. तळघरात त्यासाठी एक खोली आहे. कागदावर तिला लांबलचक नाव आहे, आम्ही भट्टी म्हणतो. आत पंचेचाळीस अंश, आठ ट्रेडमिल, आणि दार शीतगृहासारखं जाड, फक्त बाहेरून उघडणारं. दाराला वीतभर काच. त्या दारावर मी. सैनिकांना गोळी गिळायला लावायची आणि गरज पडली की दार उघडायचं, एवढं माझं काम.

ती गोळी औषधाची नाही. तिच्यात बारकं यंत्र असतं. गिळली की ती आतून माणसाचा ताप सांगते. ज्याची गोळी, त्याच नंबरची डबी त्याच्या कमरेला. हातभर अंतरावर असेल तरच डबीला गोळी ऐकू येते, मग ती पडद्यावर आकडा पाठवते. साडेएकोणचाळीस झाले की माणूस बाहेर, असा नियम.

पण गोळी आदल्या रात्री दहाला गिळायला हवी. सकाळी गिळली तर ती जठरातच बसते. वरून गार पाणी प्यायलं की गोळी गार पडते. आत माणूस शिजत असतो आणि पडदा म्हणतो, सगळं झकास. हे मला आधीपासून माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणून सुटणाऱ्यातला मी नाही.

मोठे साहेब म्हणजे संशोधनाचे मुख्य डॉक्टर. त्यांचं म्हणणं असं, की पाठीवर गार पाण्याची पिशवी द्या, तोंडाशी नळी द्या, सैनिक दीडपट वेळ चालेल. ते सिद्ध झालं की सगळ्या फौजेला तसा हुकूम जाणार होता. साहेब मनानं वाईट नव्हते असं लोक सांगतात. लोकांना सांगायला काय जातंय.

त्या सकाळच्या चाळीस दिवस आधी आठांतल्या एकाचा पाय मुरगळला, म्हणून सकाळी ऐनवेळी दुसरा पाठवला. उंच, काटकुळा, कान मोठे. नंबर सात. मी त्याला सकाळी आठला गोळी दिली. वहीत रकाना होता, 'गोळी दिल्याची वेळ'. एकतीस वर्षं त्या रकान्यात मी 'रात्री दहा' लिहीत आलो. तेव्हाही तेच लिहिलं. खोटं लिहितोय असं वाटलंसुद्धा नाही. हात आपोआप चालला.

आत बाकीचे एकोणचाळीसला पोचले, हा सव्वाअडतीसला. साहेब टेबलावर थाप मारून म्हणाले, "बघा! ह्याला म्हणतात सैनिक!" मी काचेतून बघितलं. सगळे घामानं निथळत होते आणि सात नंबर कोरडा. एकदम कोरडा, भाजलेल्या विटेसारखा. भिंतीकडे बघून हसत होता.

"साहेब, ह्याचा घाम थांबलाय. काढू का?"

"आकडा बघ. तोंड काय बघतोस?"

आणि मी आकडा बघितला. दोन मिनिटांनी तो पडला. इस्पितळात नीट मोजलं तेव्हा बेचाळीसच्या वर. तिसऱ्या दिवशी गेला. अहवालात आलं, 'सैनिकाने आधीचा आजार लपवला, सबब त्याला अभ्यासातून वगळले.' वहीबद्दल मला कुणी विचारलं नाही. मीही तोंडाला कुलूप लावलं. चाळीस दिवस घास गोड लागला नाही, पण बोललो नाही. ते माझं पाप. त्याला दुसरं नाव नाही.

तर त्या सकाळी मी गोळ्या घेऊन उतरलो. नवे आठ जण, नंबर अकरा ते अठरा, आणि ह्या वेळी तासाऐवजी दीड तास. दुपारी वरचे अधिकारी निकाल बघायला येणार होते. सैनिक आदल्या रात्रीच यायचे होते, पण त्यांचा ट्रक वाटेत बंद पडला, गोळ्या भांडारातच राहिल्या आणि ते उगवले सकाळी साडेआठला.

त्यांच्यात एक जाड मिशांचा होता. मी त्याच्या तळहातावर गोळी ठेवली.

"काका, हिनं ताकद येते का?"

"ताकद नाही येत. पोटात बसते आणि बाहेर चहाडी करते."

"मग घरी आहे की एक! दुसरी कशाला?"

सगळे खिदळले. मिशाळानं गोळी गिळली, वर गटागटा गार पाणी प्याला. मी वही काखेत मारली.

मी साहेबांकडे गेलो. "साहेब, आज नको. गोळ्या आत्ता दिल्यात. आकडे खोटे येणार."

"पाहुणे बारा वाजता येताहेत. वही भर."

"सकाळी साडेआठ लिहितो."

"रात्री दहा लिही."

मी पेन टेबलावर ठेवलं. "आधी एकदा लिहिलं. आता नाही लिहिणार."

साहेब माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही टेबलच बोललं. मग त्यांनी स्वतः पेन उचललं आणि आठही रकाने भरले. म्हणाले, "तू घरी जा, म्हाताऱ्या."

"जाईन. दार उघडून झालं की जाईन."

साडेनऊला दार लागलं. आत आठ जणांचे बूट पट्ट्यांवर पडू लागले. धप, धप, धप. जाड दारातून तो आवाज असा येतो जसा कुणी गादीखाली चालतंय. मी दाराला टेकून उभा. पडद्यासमोर आकडे बघणारी मुलगी बसली होती, नोकरीला लागून वर्ष झालेली, घाबरट पण हुशार. माझ्या डाव्या हाताला भिंतीवर खुंट्या आहेत, तिथं जुन्या डब्या लटकतात. कुणी वापरत नाही.

चाळीस मिनिटं गेली असतील. मुलगी हळूच म्हणाली, "काका... जरा इकडे या ना."

पडद्यावर आठ ओळी असायला हव्यात. नऊ होत्या. नववीवर नंबर होता सात. सदतीस पॉइंट एक.

"कुणाच्या तरी डबीचं असेल," मी म्हणालो. पण माझी मान आपोआप खुंट्यांकडे वळली. सात नंबरची डबी तिथंच होती. तिच्यावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"काका... डबीला गोळी हातभरावरून लागते ना?"

"हो."

"मग... हातभरावर कोण आहे?"

हातभरावर माझी उभं राहायची जागा होती.

साहेब आले, ओळ बघितली, म्हणाले, "बिघाड आहे. पुसून टाक." तिनं पुसली. ओळ परत आली. सदतीस पॉइंट आठ. पुन्हा पुसली. अडतीस पॉइंट सहा. मुलीनं हात मांडीखाली दाबून धरले, परत बटणाला लावले नाहीत.

मी दारापाशी परत गेलो. का गेलो विचाराल तर दार माझं होतं म्हणून. तिथं उभं राहिलो आणि डाव्या बाजूनं धग लागली. चुलीकडे पाठ करून बसल्यावर लागते तशी. आणि वास आला. तापलेल्या कॅनव्हासचा, पट्ट्याच्या चामड्याचा, आणि कोरड्या तोंडाचा. ज्यानं फार वेळ बोलायचं टाळलंय अशा माणसाच्या तोंडाचा. तळघर थंडगार होतं. माझ्या उजव्या हातावर शहारे होते आणि डाव्यावरचे केस तापून आखडले होते.

मी मान वळवली नाही. हळू आवाजात म्हणालो, "आलास होय... बरं झालं. मला तुझ्याशी बोलायचंच होतं."

फक्त धग वाढली.

"काका..." मुलगी आकडे वाचू लागली. "सात नंबर एकोणचाळीस पॉइंट सात... चाळीस..."

"आणि आतले?"

"आतले सगळे ठीक. अडतीस पॉइंट दोन, अडतीस पॉइंट तीन... सगळे जवळजवळ सारखेच."

आठ निरनिराळी माणसं, आठ निरनिराळी अंगं, आणि ताप सगळ्यांचा सारखा? तो माणसांचा ताप नव्हता. तो पिशवीतल्या पाण्याचा हिशेब होता. मी काचेला डोळा लावला. मिशाळ पहिल्याच पट्ट्यावर होता. मघापासून त्याची बडबड आत चालू होती, ती थांबली होती. त्याच्या मिशा कोरड्या होत्या. कपाळ कोरडं. तो समोरच्या भिंतीकडे बघून हसत होता.

"साहेब, दार उघडतो."

"अजून चाळीस मिनिटं आहेत. आकडा—"

"आकडा गेला खड्ड्यात. ह्यांची तोंडं बघा."

"हात लावलास तर नोकरी जाईल."

"ती एकतीस वर्षांपूर्वीच जायला हवी होती, मला झोप तरी आली असती."

साहेब टेबलाकडे धावले आणि कुलपाचं बटण दाबलं. खट्ट झालं. त्या कुलपाची लोखंडी जीभ चौकटीत बोटभर आत जाते. दोन माणसांनी ओढलं तरी ते दार हलत नाही, मी कितीदा बघितलंय. तरी मी दोन्ही हातांनी कडी धरली, पाय भिंतीला लावला आणि ओढली. गुडघ्यातून कळ गेली. दार जागच्या जागी.

मुलगी किंचाळली, "काका, सात नंबर बेचाळीस!"

तेव्हा माझ्या डाव्या हातावर हात पडला. मी खोटं सांगत नाही, आता खोटं सांगायचं माझं वय राहिलं नाही. लांब बोटांचा हात. निखाऱ्यावर हात ठेवावा तसा चटका बसला, कातडी करपली असं वाटलं. मला हात काढायचा होता. मी काढला नाही. म्हणालो, "ओढ, बाळा. दोघं मिळून ओढू."

दार उघडलं. कुलपाची जीभ बाहेरच होती, सरळ, न वाकलेली.

आतून जी हवा आली तिच्यानं माझे डोळे मिटले. मी आत शिरून पहिला मिशाळाला खेचला. पाच जण चालत आले, तिघांना ओढून आणलं. मुलगी आता घाबरट राहिली नव्हती. तिनं पाण्याची नळी लावली, बर्फाचे डबे उलटे केले, फोनवर इस्पितळाच्या माणसांना शिव्या घातल्या. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरनं जुन्या पद्धतीनं ताप मोजला. मिशाळाचा पावणेएकेचाळीस. बर्फात ठेवल्यानंतरचा. "आणखी पाच मिनिटं आत राहता तर," तो म्हणाला आणि रुग्णवाहिकेचं दार लावलं.

आठही वाचले. मिशाळ चौथ्या दिवशी शुद्धीवर आला तेव्हा म्हणाला, "काका, तुमच्या गोळीनं चहाडी काही केली नाही. उलट साहेबांची पाठराखणच केली हिनं." मी म्हटलं, "गप पड."

मग चौकशी बसली. लांब टेबल, तीन अधिकारी. साहेबांनी सांगितलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, दारही त्यानंच बिघडवलं. मी वही टेबलावर आपटली.

"हे वरचं अक्षर माझं. 'रात्री दहा'. हे खोटं आहे, सात नंबरला मी सकाळी आठला गोळी दिली. तो त्यामुळे मेला. हे खालचं अक्षर साहेबांचं. तेही खोटं आहे. आता लिहून घ्या."

मधला अधिकारी म्हणाला, "ह्याचा परिणाम काय होईल, कळतंय तुम्हाला?"

"घरी पाठवाल. घर माझंच आहे, तिथं जायला मला कुणाची परवानगी लागत नाही. आत टाकायचं असेल तर आत टाका. पण आधी लिहा. त्या पोरानं आजार लपवला नव्हता. लपवलं ते आम्ही."

तास लागला, पण लिहून घेतलं. सात नंबरच्या आईकडे नवा कागद गेला. गार पाण्याचा हुकूम निघाला नाही, साहेबांची बदली झाली, भट्टीची वीज तोडली. मला घरी पाठवलं. मी कुणाला नमस्कार न करता निघालो.

कुणी म्हणेल, त्या पोराचा आत्मा शांत झाला असेल. असं म्हणणाऱ्यांनी माझ्या घरी यावं.

घरी आल्यावर चार दिवसांनी बायको कपाळाला हात लावायला आली आणि चुकून माझ्या डाव्या हाताला लागली. चटकन मागे सरली.

"अहो, हात आहे का तवा?"

"जुना झालाय, तापायला वेळ लागतो."

ती ऐकणारी नाही. थर्मामीटर आणला, डाव्या काखेत लावला. पारा टोकाला जाऊन भिडला. उजव्या काखेत लावला, साडेछत्तीस. तिनं तीन थर्मामीटर बदलले. डॉक्टरांनी आणखी दोन बदलले, रक्त तपासलं, फोटो काढले. हाताला काही झालेलं नाही. कातडी साफ आहे, दुखत नाही. फक्त कोपरापासून खाली घाम येत नाही. डॉक्टर म्हणाले, औषध सुरू करू. मी म्हटलं, नको. त्याला कुठंतरी मोजलं जायचं होतं, माझ्या अंगात मोजलं जाऊ दे. मी कुठं पळून चाललोय?

बायको थंडीत तो हात उशाशी घेते आणि म्हणते, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा उपयोगाचे झालात.

हे सगळं ठीक होतं. पण गेल्या आठवड्यापासून ती उजव्या काखेतही रोज मोजते, मला न सांगता, मी झोपलोय असं समजून. सोमवारी सदतीस पॉइंट चार. बुधवारी अडतीस. काल अडतीस पॉइंट नऊ. काल दुपारी मी ऊन डोक्यावर घेऊन बाजारातून चालत आलो. शर्ट कोरडा होता. बायको दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिला विचारलं, काय झालं?

ती म्हणाली, "अहो... तुम्ही भिंतीकडे बघून हसताय कशाला?"