जुळ्यांच्या आया

ती त्याला पहिल्यांदा भेटली तेव्हा चक्क घोरत होती. रात्रपाळी उरकून संशोधनाच्या वर्गाला आलेली ही शिकाऊ स्त्रीरोगतज्ज्ञ वेळ आहे म्हणून शेजारच्या खोलीतल्या फिरत्या खुर्चीत जरा टेकली, आणि तिथेच तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा एक सडपातळ तरुण भिंतीला टेकून कागद तपासत होता.

"तुम्ही कोण?"

"या खुर्चीचा मालक. पण घाई नाही, बसा."

"आणि वर्ग?"

"मीच घेतला. झाला... शेवटपर्यंत जागेवर टिकलेल्या तुम्ही एकट्याच."

ती कानापर्यंत लाल झाली. तो हसला नाही, पण हसू दाबताना त्याच्या गालाला पडलेली खळी तिने नेमकी पाहिली.

शिकाऊ डॉक्टर त्याला 'आकडेशास्त्री' म्हणत. विभागप्रमुख बाईंनी तिच्या प्रबंधाला आकडेवारीसाठी त्यालाच सहमार्गदर्शक नेमलं. विषय तिचा स्वतःचा होता: कळा सोसताना घरचं माणूस जवळ असलं, तर बाईची भीती कमी होते का? तिला मनापासून वाटायचं की होते. तो मात्र प्रत्येक वाक्याला अडवायचा, "कशावरून?" सुरुवातीला तिचं डोकं फिरायचं. मग त्या 'कशावरून'ची सवय झाली. पुढे तर तो एक दिवस दिसला नाही की चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. फोनवर आईने एकदा विचारलंच, "प्रबंध लिहितेस की सासर शोधतेस ग?"

प्रबंध देण्याच्या आदल्या दिवशी सकाळी तिने एका बाईचं जुळ्यांचं बाळंतपण केलं. सिस्टरने दोन्ही बाळांच्या पायांत पट्ट्या बांधल्या. दोन्हींवर नाव आईचंच, तेच. ते पाहून तिला आपली चूक कळली. तिने आयांची नोंद बाळांच्या पट्ट्यांवरून केली होती... म्हणजे जुळ्यांची प्रत्येक आई दोनदा मोजली गेली होती.

ती धावतच त्याच्या खोलीत गेली. सगळं सांगितलं.

"माझ्याही नजरेतून सुटलं," तो म्हणाला.

"कुणाला कळेल का?"

"नाही."

"उद्या प्रबंध दिला नाही, तर परीक्षेला बसता येणार नाही मला."

"माहितीय. तुम्ही ठरवा. देणार असाल तर मी काही बोलणार नाही. पण सही मात्र करणार नाही."

ती स्टूल ओढून बसली. "मोजा पहिल्यापासून."

संध्याकाळपर्यंत दोघं जागचे हलले नाहीत. एकेक आई पुन्हा मोजली. घरचं माणूस जवळ असण्या-नसण्याचा आधी डोळ्यांत भरणारा फरक आता जेमतेम उरला.

प्रबंध वेळेत गेला. तोंडी परीक्षेत तिने चूक आपणहून सांगितली.

"मग सिद्ध काय झालं?" बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं.

"खात्रीने म्हणावं असं काहीच नाही, सर. आणखी बायकांना विचारावं लागेल."

परीक्षकांनी मान्यतेची सही केली.

ती थेट त्याच्या खोलीत आली. पाठ केलेलं आभाराचं वाक्य दारातच विसरली.

"त्या दिवशी तुम्ही नुसतं 'जाऊ द्या' म्हटलं असतं ना, तर मी जाऊ दिलं असतं," ती म्हणाली. "आणि मग जन्मभर स्वतःवर विश्वास ठेवता आला नसता. तुमचे उपकार फार आहेत माझ्यावर."

"झाला ना मान्य? सुटलो बुवा."

"इतका जाच होता माझा?"

"तसं नाही..." तो पेन उघडझाप करत राहिला. "गाइड असताना काही गोष्टी विचारणं बरं दिसत नाही. म्हणून वाट पाहत होतो."

"विचारा मग."

"चहाला याल?"

"एवढंच विचारायचं होतं?"

"नाही... पण बाकीचं विचारायला धीर नाही अजून."

ती दाराशी गेली, थबकली, वळली.

"चला, चहा घेऊ," ती म्हणाली. "आणि बाकीच्यालाही हो आहे माझं. सावकाश विचारा."